टेम्पोतला पलंग

प्रिय राजकुमार,

अभय आमच्या पलंगवाल्या गाडीची चावी घेऊन येतोय, त्याच्याच हातात हे पत्र देते. अक्षर कोंबडीच्या पायासारखं हाये, चौथीच्या पुढं मला कोणी शाळेत बसू दिलं नाय, तुला म्हाईतच हाये. फोनवर सांगितलं असतं, पण तू मधीच हां ताई, हां ताई करतो आन् ठेवून देतो. आन् मंजुषा तर स्पीकर लावल्याबिगर राहत नाय. हे तू एकट्यानं वाचायचं. पह्यलं गाडीचं सांगते, मग माझं. तीन सालामागं मी बी तुला एका गाडीसाठी फोन केला होता. तू इसरला असशील. मी नाय इसरले. त्याचा जबाब द्यायला आत्ता सवड झाली.

तर गाडी. बुधवारी दिवस उगवायच्या आत निघा, नाय तर पुण्याच्या गर्दीत दुपार होते. तुमच्या सार्थकला हॉस्टेलावरून घ्या आन् कराडला मुक्काम करा. पेट्रोलपंपावर इचारून एका कडंला लावायची, कोणी नाय म्हणत नाय. दुसऱ्या दिवशी फोंडा घाट उजेडात उतरायचा. चालत्या गाडीत ओट्यावरच्या गॅसचं बटण बंद म्हणजे बंद, मंजुषाला चहाची तलफ आली तरी. टपावर पाण्याची टाकी हाये, ती रोज भरायची. मालवणच्या पुढं जिथं तुम्ही जागा ठरवली, तिथं गाडी सुरूच्या झाडाखाली कडक जमिनीवर लाव, हौसेनं वाळूत उतरवू नको. अभय पाहुणे घेऊन गेला होता, तव्हा चाकं रुतली आन् सगळा दिवस फावड्यानं वाळू उपसण्यात गेला. पाहुणे समुद्र सोडून त्यालाच पाहत बसले. सार्थकची ती लाटंवर उभं राहायची फळी बांधायला टपावर कड्या लावल्यात. मला त्या खेळातलं काय कळत नाय. उभं राहायचं आन् पडायचं, परत उभं राहायचं, यासाठी एवढ्या लांब जायचं. पण पोरगं दोन साल झालं मोबाईलवर तेच पाहतंय, शिकवणाऱ्याकडं नाव बी घातलंय, तर जाऊ दे. पोराचा यात काही दोष नाय. ते मी आधीच लिहून ठेवते.

तुम्ही मागल्या शनवारी फर्दापूरला एक रात्र राहून पाह्यलं ते बरं केलं. मंजुषाला वाटत होतं की गाडीत झोप लागणार नाय, कंबर धरल, पाल चुकचुकल, काय न् काय. मग सकाळीच तिचा फोन. ताई, काय गाडी हाये, घरापेक्षा बरी, आन् पडदे किती गोड हो, कुठून घेतले? मी म्हणले, घरातलंच कापड हाये बाई. तिनं पडद्यापाशी बसून फोटो काढला, तुमच्या सोसायटीतल्या सगळ्या बायांना पाठवला, मला बी आला. तू बी म्हणला, ताई, घरी बी अशी झोप लागत नाय, डोकं दाराकडं केलं की वारं येतं. मी ते ध्यानात ठेवलं. ज्या माणसाला गाडीत झोपायला आवडतं त्याला परत द्यावी.

ही गाडी मी कशी घेतली ते तू कधी इचारलं नाय. तुला वाटतं अभयनं भंगारातून आणली. नाय. पुंजाराम म्हणून एक माणूस हाये हर्सूलचा, त्याची होती. त्याच्या गुडघ्यानं जवाब दिला तव्हा तो इकायला काढत होता, मी त्याच्या दारात जाऊन बसले. दुसऱ्याला देऊ नको म्हणले. जाधववाडीच्या मंडीतून मी याच गाडीतून भाजी आणली, याच गाडीनं मला कोणापुढं हात पसरू दिला नाय. मग अभयचं कारखान्यातलं काम सुटलं. जावई हाये, पण पोरापेक्षा कमी नाय. त्यानं हौद्यावर पत्र्याची खोली बसवली, आत पलंग, ओटा, बेसिन केलं, लेणी पाह्यला येणाऱ्यांना भाड्यानं द्यायला लागला. तो म्हणत होता, मामी, खालचा पत्रा गंजलाय, बदलून टाकू. मी म्हणले, वरून फळ्या मार, काय रंग द्यायचा तो दे, खालच्या पत्र्याला हात लावू नको. त्यानं कामून म्हणून इचारलं नाय. हुशार पोरगं हाये.

आता माझं ऐक. तू आमच्या घरी कॉलेजाला होता, तव्हा तुझे दाजी मंडीत पोते वाहत होते. तुला ताप चढला तव्हा रिक्षा मिळाली नाय, तर ह्या माणसानं तुला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला. तू त्यांच्या मानंवर उलटी केली. घरी येऊन ते हसत होते, म्हणे आजपोतर आलू वाह्यले, आज मेव्हणा वाह्यला. तू बी ही गोष्ट चारचौघांत सांगायचा. साहेब झाल्यावर बंद केली.

ते गेले तव्हा दुपार होती. दवाखान्याची गाडी दुसरं मयत घेऊन बाहेर गेलेली, कव्हा येईल कोणी सांगंना. त्यांना कन्नडला न्यायचं होतं, त्यांच्या मायबापाच्या मातीत, ते त्यांनीच सांगून ठेवलं होतं. मी तुला फोन केला. तुझी मोठी गाडी आदल्या दिवशीच आली होती, पेढे बी आले होते आमच्याकडं. तू काय म्हणला ते मला अक्षर न् अक्षर पाठ हाये. म्हणला, ताई, अजून हार बी सुकला नाय. पह्यलीच सवारी मयताची झाली तर ती गाडी जन्मभर साथ देत नाय, मंजुषा तर परत बसायची नाय तिच्यात. दुसरं काय बी सांग, जीव माग, जीव देतो. मला जीव नको होता रे, गाडी पाह्यजे होती. मी फोन ठेवला. तिथंच दवाखान्याच्या दारात एक आलूचा टेम्पो उभा होता. टेम्पोवाला ना नात्याचा ना गोत्याचा, त्यानं माझ्याकडं पाह्यलं आन् रिकामे क्रेट रस्त्याच्या कडंला काढून ठेवले, सीटवरची स्वतःची घोंगडी हौद्यात हातरली. मी हौद्यातच बसले, त्यांचं डोकं मांडीवर धरून, खड्ड्यात आपटू नये म्हणून. सारा रस्ताभर त्या माणसानं एकदा बी हॉर्न वाजवला नाय.

तू तुझ्या नव्या गाडीत आला, सरण पेटल्यावर. टेम्पो तव्हा परत गेला होता. पण खरी मजा तेराव्याला. तू त्याच गाडीतून आला, मंजुषानं मला दुखवट्याची साडी दिली, निळसर, बारीक पांढऱ्या फुलांची. निवडून आणली नव्हती, कपाटातली काढून आणली होती, दुसऱ्या दुकानाची पिशवी होती, मी काय आंधळी नाय. तू पंगतीत बुंदी दोनदा मागून घेतली आन् लांबून आलेल्या पाहुण्यांना सांगितलं, दाजींना आम्हीच नेलं, शेवटपोतर साथ दिली. सार्थक तुझ्या बाजूला बसला होता. त्याचा तुझ्या दाजींवर, म्हणजे त्याच्या मामांवर, लई जीव. ते ऐकून त्यानं तुझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणून मी तव्हा बोलले नाय. लोकांना वाटलं, रडून रडून बाईचा आवाज बसला.

तर आता ऐक, आन् गुपचूप ऐक. तो आलूवाला म्हणजेच पुंजाराम. तू फर्दापूरला ज्या पलंगावर गाढ झोपला, त्या पलंगाखालच्या पत्र्यावरून तुझे दाजी कन्नडला गेले. मंजुषानं फोटोत धरलेले पडदे तिच्याच दुखवट्याच्या साडीचे हायेत, मी ती अंगाला लावली नाय, पण मशीनवर हौसेनं शिवली. तुम्हाला काय झालं नाय. कोणी आजारी पडलं नाय, गाडी बंद पडली नाय, उलटं घरच्यापेक्षा बरी झोप लागली. म्हणजे मयतानं गाडीचं काय बिघडत नाय, एवढं तुझ्याच तोंडून मला कळलं. आता बुधवार आला. तुला नको वाटलं तर नको जाऊ, चावी अभयला परत दे, मी काय बोलणार नाय. पण मग सार्थकला सांगावं लागल की कामून नाय जायचं. आन् ते सांगायचं तर मामांना कोणी नेलं ते बी सांगावं लागल. जमत असल तर सांग. नाय तर गपचूप बस गाडीत, पुण्यातून पोराला घे, समुद्रावर जा. रोज रात्री मंजुषा त्या पलंगावर अंग टाकल, निळे पडदे ओढून घेईल, लाटांचा आवाज ऐकत म्हणल, काय बरं वाटतंय हो. तू हां म्हण. तेवढंच तुला करायचं हाये, मी तीन साल केलं तसं. झोपताना डोकं दाराकडंच कर, तुला वारं लागतं. त्यांचं बी तिकडंच होतं.

तुझीच,
ताई