सायीखालचं दूध

चामराजपेट, बंगळूर
शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५

प्रिय अण्णा,

मागच्या पत्रातली एक गोष्ट आधी दुरुस्त करते. आमच्या कारखान्यातल्या पृथ्वीच्या प्रतिकृतीत चूक निघाली आणि ती रंगारी देवाप्पाची होती, असं मी लिहिलं होतं. ती त्याची नव्हती, माझी होती. एवढं लिहायला तीन कागद फाडावे लागले. फोनच करणार होते, पण तुमचं "हं, बोल बाळ" ऐकलं की मी पुन्हा आडवळणानं बोलेन, म्हणून लिहितेय.

बोम्मसंद्र्याला आम्ही शाळांसाठी फायबरच्या प्रतिकृती बनवतो, ते तुम्हाला माहीतच आहे. पृथ्वीचा गोळा कलिंगडासारखा कापलेला असतो. वर पातळ भूकवच, त्याखाली जाड प्रावरण, मग बाहेरचा गाभा आणि मधोमध आतला गाभा. कुठल्या थराला कुठला रंग, त्यावर काय लिहायचं, हे मी कागदावर लिहून देते आणि देवाप्पा रंगवतो. प्रावरणाला मी लालभडक लाटा द्यायला सांगितल्या आणि खाली लिहिलं, 'वितळलेला खडक'. पुस्तक उघडून पाहिलं नाही. एरवी मी कुलूप लावून निम्मा जिना उतरते आणि परत वर जाऊन ओढून बघते, तुम्ही त्यावर हसता. हे मात्र तपासावंसं वाटलंच नाही, कारण ते मला शाळेत जायच्या आधीपासून माहीत होतं.

मग येलहंक्याच्या एका शिक्षिकेचं पत्र आलं. प्रावरण जवळजवळ सगळं घन खडकाचं असतं, खरा द्रव असतो तो त्याच्याही खालचा बाहेरचा गाभा, असं त्यांनी फार सौम्यपणे लिहिलं होतं. रात्रभर वाचलं, त्यांचंच खरं. घन असूनही प्रावरण आतल्या उष्णतेनं फार फार हळू वाहतं आणि वरचे भूपट्ट सरकत राहतात. आपला भूपट्ट वर्षाला चार-पाच सेंटीमीटर उत्तरेकडे जातो आणि आशियाला रेटतो, म्हणून हिमालय अजून वर येतोय. नखं वाढतात साधारण त्याच वेगानं. माझ्या नखांवरून काही कळायचं नाही म्हणा, गेल्या दहा दिवसांत एकही शिल्लक ठेवलेलं नाही.

मालक हयवदन सरांनी चहाच्या वेळी सगळ्यांना गोळा केलं. "स्वल्प तरी लक्ष द्या रे, पोरं हे बघून शिकतात," म्हणाले. देवाप्पा म्हणाला, "कागदावर होतं ते रंगवलं, सर." "मग कुठाय कागद?" कागद माझ्या खणात होता. मी कप धरून उभी राहिले. त्यानं एकदा माझ्याकडे पाहिलं, मग स्वतःच्या रंगलेल्या बोटांकडे. माझं नाव घेतलं नाही. वीस वर्षं ब्रश धरलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी घासकामावर पाठवलं, जिथे फायबरची भुकटी उडते आणि तोंडाला फडकं बांधूनही खोकला लागतो. त्याला लागलाय. तरी जेवायच्या सुट्टीत नेहमीसारखा आला, माझ्या डब्यात चटणीपुडी वाढली आणि म्हणाला, "अक्का, भूमीच्या पोटात काय आहे ते भूमीलाच ठाऊक. आपल्या पोटात हे घाला." सगळे हसले. मी डबा झाकून ठेवला.

नोकरी जाईल ही भीती आहेच. पण मी गप्प बसले ते नुसतं तेवढ्यासाठी नाही.

लहानपणी माझा पाय प्लास्टरमध्ये होता, तेव्हाची दोन वर्षं तुम्हीच माझी शाळा. निपाणीच्या डेअरीतून दुपारी यायचात, बर्फाच्या वासाचा सदरा बदलायच्या आधीच चुलीवरच्या दुधाजवळ मला उचलून बसवायचात. सायीवर फुंकर मारून दाखवायचात: "ही बघ जमीन. ही सरकली, इथे सुरकुती पडली, झाला डोंगर. आणि खाली सगळं पातळ, उकळतं." मला ते इतकं आवडायचं की दूध निवू द्यायची नाही. इथे मुलाखतीत मी तेच सांगितलं. सरांना एवढं भावलं की कुणीही पाहुणा आला की ते मला बोलावून म्हणतात, "हिच्या वडिलांची दुधातली पृथ्वी ऐका." त्या दिवशी मी तोंड उघडलं असतं, तर त्यांनी पहिलं विचारलं असतं, हे कुणी शिकवलं. आणि तुमचं नाव तिथे त्या अर्थानं निघालेलं मला चाललं नसतं. देवाप्पाचं निघालेलं चाललं.

याच आठवड्यात गंगव्वा सारखी आठवतेय. तिच्या दुधात पाणी आहे म्हणून तुम्ही चारचौघांत तिची कासंडी परत केलीत, आणि मग कळलं की तपासायची नळी तुम्हीच ओली ठेवली होती. तुम्ही उन्हात सायकल काढून तिच्या दारी गेलात. तेवढ्यावर थांबला नाहीत, दुसऱ्या दिवशी डेअरीच्या रांगेसमोर तेच पुन्हा मोठ्यानं सांगितलंत. मी कुबडी टेकून तिथे उभी होते. हेही तुम्हीच शिकवलंत.

सोमवारी सर नवा रंगारी ठेवणार आहेत आणि देवाप्पा कायमचा घासकामावर जाणार. त्याआधी मी कागद घेऊन सगळ्यांसमोर उभी राहणार आहे. सर विचारतील, तेव्हा दुधातली पृथ्वी चुकली होती हे मला म्हणावं लागेल. ते परक्यांच्या आधी तुमच्या कानावर माझ्याकडून पडावं, म्हणून हे पत्र, टपालानं नाही, आजच्या रात्रीच्या बसनं पाठवतेय. दादाच्या सिद्धीला तुम्ही हल्ली तोच धडा देता, असं वहिनी म्हणाली. तो बंद करू नका, अण्णा. साय बरोबरच आहे. फक्त खालच्या दुधाऐवजी सिद्धीला गुळाची ढेप दाखवा, फोडायला गेलं तर बत्ता लागतो, पण माळ्यावर ठेवली की महिन्यांनी आपल्याच भारानं बसते, पसरते. तीही अगदी बरोबर नाही, गूळ ओलीनं पाघळतो, हेही तिला सांगा. रागावला असाल तर फोन करू नका. रागावला नसाल तरी सोमवारपर्यंत करू नका, मी डगमगेन. कागद पिशवीत ठेवलाय, चार वेळा बघून झाला. सोमवार, १७ नोव्हेंबर, अकराच्या चहाला.

तुमचीच,
कस्तुरी