निलेशचा कंद

९ एप्रिल, पिंप्राळा
ऊन पेटलंय. सुनंदा आजही निलेशच्या कुंडीत तांब्याभर पाणी ओतत होती. कुंडीत नुसती माती. मी ओरडलो. बायको ऐकते थोडीच! पोराने झांबियातून तो ऑर्किडचा कंद मोज्यात गुंडाळून आणला, तेव्हाच बजावलं होतं: "पप्पा, पानं वाळली की मेलं असं वाटेल. झोपलेलं असतं. तेव्हा पाणी घालू नका, सडेल." नावही सांगितलं होतं, बोनाटिया. झाडावर नाही, जमिनीत वाढणारं. सुनंदाला उन्हाळ्यात कोरडी माती बघवत नाही. जळगावात कुणाला बघवते?

१३ एप्रिल, रवि.
अमळनेरहून नाना आला. थोरला भाऊ, आडपडदा नाही. चहाआधीच म्हणाला, "आखाजी जवळ उनी. पोऱ्याना नावनी घागर भर." सुनंदा आत होती. हळू बोल म्हटलं.
जानेवारीत तिकडे झांबियात पुरात नदी ओलांडताना निलेशची गाडी वाहून गेली. ड्रायव्हर सापडला, निलेश नाही. कंपनीवाले 'शोध चालू आहे' म्हणायचे, आता फोनच घेत नाहीत.
नाना म्हणाला, "माले बठ्ठं समजस. पण त्याले पाणीबिगर कितला दिन ठेवशी?"
राग आला, फार. आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची, घागर पितरांची. माझा पोरगा पितर?

१८ एप्रिल
दिवेलागणीला ओट्यावर बसलो होतो. बोनाटियाच्या फुलाचा वास आला. गोडसर, मागे फुललं होतं तेव्हा अंधार पडताना यायचा तोच. कुंडीत फूल नाही, पान नाही. शेजाऱ्यांचा मोगरा असेल म्हणून नाक लावून पाहिलं. मोगरा ओळखतो मी. आत आलो.

२० एप्रिल
भाजी निवडताना सुनंदा एकदम: "तुम्हालाही येतो ना वास?"
"कसला?" म्हटलं. ती परत भाजी निवडू लागली.

२४ एप्रिल
सुनंदा देवळात गेली होती. कुंडी उकरली. राहवलं नाही. काय ते एकदा कळू दे, असं झालं होतं.
जुना कंद हातात आला तो काळा, नुसता लगदा. मग बोटाला दुसरा लागला, त्याच्याच बाजूला. बोराएवढा, टणक, पांढुरका. हा कधी धरला?
दोन्ही होते तसे ठेवले, माती सारखी केली. नळाखाली किती वेळ हात धूत होतो.
तिला काय सांगू? एक सांगितलं तर ती खचेल. दुसरं सांगितलं तर जन्मभर दाराकडे बघत बसेल. आणि मी?

२९ एप्रिल
नाना दोन घागरी नि वर ठेवायला डांगरं, खरबुजं, घेऊन हजर. रिक्षातून उतरवतानाच सुनंदाने पाहिलं.
"दुसरी कुणाची, नाना?"
नानाने माझ्याकडे बघितलं. मी डांगरं आत नेली.

३० एप्रिल, आखाजी
निखाऱ्यावर आगारी टाकली, तूप-पोळीचा घास. बाबांचं नाव, आजोबांचं. पहिली घागर भरली. दुसरी मांडून नाना म्हणाला, "नाव ले."
तोंड उघडलं. परत मिटलं. पहिल्यांदा शाळेत घातला तेव्हा हेच नाव मास्तरांना किती मोठ्याने सांगितलं होतं मी.
सुनंदा आतून आली, पदर खोचलेला, हात पिठाचे. वाटलं, आता घागर फोडते. तिने ती भरली. काठोकाठ. वर डांगर ठेवलं.
"नाव तेवढं घेऊ नका," म्हणाली.
बिननावाची घागर कुणाला पोचते, नानाला विचारलं. त्यालाही माहीत नाही. जेवून तो पाचच्या गाडीने गेला.
आत्ता डांगर उचलून पाहिलं. पाणी बोटभर कमी. नवी मातीची घागर, पाझरणारच. मागे सुनंदा उभी. तिने खाली वाकून फरशी चाचपली. कोरडी.
मग पाणी आणून ती घागर परत भरू लागली. मी नको म्हटलं नाही.