फोटोवरची बुरशी

आई, तुझा फोटो आता माझ्या कॉम्प्युटरवर दोन प्रकारचा आहे. त्या दोन फोटोंवरून भाऊ माझ्याशी बोलेनासा झाला आहे. हे सांगायला दुसरं कोणी नाही, म्हणून तुला लिहायला बसले.

आधी फोटो कॉम्प्युटरवर कसा आला ते सांगते. मी शाळेतून निवृत्त झाले आणि थोड्याच दिवसांनी तुझे जावई गेले. घर एकदम गप्प झालं. मुलगी पुण्याला असते. ती आली तेव्हा तिनं मला फोटोंचं काम शिकवलं आणि हौशी लोकांच्या एका ग्रुपात घातलं. बालाघाट, वारासिवनी, गोंदिया इकडचीच माणसं आहेत, कोणी गृहिणी, कोणी माझ्यासारखी पेन्शनवाली. सगळे आपापल्या फोटोंची पानं सजवतात आणि एकमेकांना दाखवतात. लहानपणी मी जुन्या वहीत चित्रं चिकटवायची आणि तू भाताची खळ करून द्यायचीस, तसंच काहीसं. फक्त इथं खळ नाही, कात्री नाही, सगळं पडद्यावर. कोणी नातवाच्या बारशाचं पान करतं, कोणी कान्हाच्या जंगलातल्या सहलीचं. मी धानाच्या लोंब्यांचा फोटो काढून त्याची किनार केली होती, ती सगळ्यांनी मागून घेतली. ज्याला जे येतं ते तो दुसऱ्याला सांगतो, हिंदीत, मराठीत, जसं जमेल तसं. सकाळी चहा घेता घेता मी ती पानं बघते. खरं सांगायचं तर त्या दिवसांत मला उठायला कारण मिळालं ते या लोकांमुळे.

गेल्या उन्हाळ्यात भावाकडची जुनी पेटी उघडली, त्यात तुझा फोटो निघाला. राजेगावला मामाच्या अंगणात काढलेला, भावाच्या जावळाच्या दिवशीचा. भाऊ तुझ्या मांडीवर, डोक्याचा गोटा झालेला, आणि मामाचा मित्र कॅमेरा घेऊन काहीतरी बोलला असेल, तू मोकळी हसते आहेस. हसण्याच्या भरात पदर घ्यायला विसरलीस. तुझा एवढा एकच फोटो आहे. पेटीत ओल गेलेली, कागदाला बुरशी लागलेली, एका कोपऱ्याला वाळवीनं खाल्लेलं. मी मोबाइलनं त्याचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकून विचारलं, हा कोपरा कसा भरायचा?

गोंदियाचे एक दादा आहेत, रेल्वेतून निवृत्त झालेले. जुने फोटो नीट करण्यात त्यांचा हात कोणी धरणार नाही. मी कोपऱ्याचं विचारलं होतं, पण त्यांनी हौसेनं सगळाच फोटो करून पाठवला. खाली लिहिलं होतं, आजूबाजूची चांगली त्वचा उचलून डागावर कशी बसवायची, कडा कशा विरघळवायच्या. ग्रुपवर कौतुकाला पूर आला. ‘वाह, कितनी सफाई से निकाले दाग!’ ‘ताई, तुमच्या आई किती सुंदर होत्या!’ मी फोटो मोठा करून पाहिला. कोपरा भरला होता. साडीवरची बुरशी गेली होती. आणि ओठाजवळचे, डाव्या गालावरचे, कपाळावरचे तुझे पांढरे डागही गेले होते. दादांना ती बुरशीच वाटली. अनोळखी माणसाला दुसरं काय वाटणार?

त्या फोटोतली बाई देखणी आहे, आई. मी तिला ओळखत नाही.

कोड पहिल्यांदा दिसलं ते तुझ्या ओठाच्या कोपऱ्यात, तांदळाच्या दाण्याएवढं. मी शाळेतही जात नव्हते तेव्हा. मग ते वाढत गेलं आणि आपलं घर बदलत गेलं. बाबांनी तुझं ताट वेगळं केलं. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्यांना समोर बसवून सांगितलं होतं की हे लागट नाही, पण बाबा ऑफिसात शिकलेले आणि घरात अडाणी. काकू तुला लोणच्याच्या बरणीला हात लावू द्यायची नाही. संक्रांतीला आपल्या आळीत तुला वाणाला बोलावणं येईना. तू पदर कपाळावरून पुढे घ्यायला लागलीस, इतका की चुलीपुढे बसलीस की तुझं नाकच दिसायचं.

एक दुपार मला लख्ख आठवते. मी स्वयंपाकघरात हळद, गेरू आणि चहाचं पाणी कालवून तुझ्या रंगाचा लेप करते आहे. तू भाजी निवडते आहेस. मी बोटानं तुझ्या गालावर लेप लावते, आणि तू लावू देतेस. नंतर तू फडताळातला आरसा काढतेस. त्यात बघतेस, बराच वेळ. आणि मग माझा हात धरून इतक्या जोरात हिसडतेस की वाटी सांडते. ‘हे काय करून राह्यली तू? मी अशीच आहो. तुले पाहवत नसन तं पाहू नोको.’ तू मला कधी मारलं नाहीस, पण त्या बोलण्यानं मी दिवसभर रडले. संध्याकाळी तूच मला जवळ घेऊन गरम भात आणि तूप भरवलंस. चेहरा मात्र तू तेव्हाच धुऊन टाकला होतास.

माझ्या लग्नाचं तर तुला सगळं माहीतच आहे. बाबांनी ठरवलं की लग्न पार पडेपर्यंत तू राजेगावला राहायचं. मी म्हणाले, ‘बाबा, आईबिगर मी मांडवात उभी नाही राहणार.’ ते म्हणाले, ‘मंग राहू नोको. तुले कोण करते ते मी पाहतो.’ तूच मला समजावलंस. सासरच्यांना सांगितलं गेलं की मुलीच्या आईची तब्येत बरी नसते. ते खोटं पुढे खरं झालं. लग्नानंतरच्या दुसऱ्या पावसाळ्यात तुला ताप चढला. निरोप मिळून मी सासरहून, खैरलांजीहून बस बदलत पोचले तेव्हा तुला बाहेर आणलेलं होतं. तू सवाष्ण गेलीस म्हणून काकूनं तुला मळवट भरला होता. पण कपाळापुरता नाही. हळदीकुंकू तुझ्या गालांवर, ओठांवर, हनुवटीवर थापलं होतं. लोक येणार होते ना. मला तुझा चेहरा शेवटचाही दिसला नाही.

आता भाऊ. तू गेलीस तेव्हा तो दहावीत होता, त्यामुळे त्याला सगळं आठवतं. ग्रुपवरचा तो फोटो मी त्याला दाखवला, तो केवळ चूक सांगावी म्हणून. त्यानं तो मागून घेतला आणि मोठा करून, सोनेरी चौकटीत घालून दिवाणखान्यात लावला. मी म्हटलं, ‘अरे, ही आई नाही.’ तर तो म्हणाला, ‘ताई, असाच राहू दे. पोरीचं पाहून राह्यलो. तुमसरचे लोक येणार आहेत.’

त्याची मुलगी शिकवण्या घेते. गोड पोरगी आहे, मराठीपेक्षा हिंदीच जास्त बोलते. तिच्या घोट्यावर एक पांढरा ठिपका आला आहे, आणि आता मनगटावर दुसरा. वहिनी तिला लांब बाह्यांचे कपडे घालायला लावते आणि हाताला क्रीम फासते. एक दिवस ती माझ्याकडे पान सजवायला शिकायला म्हणून आली आणि माझ्या शेजारी बसून म्हणाली, ‘आत्या, सच बताना. आपल्या घरात कोणाले होतं का हे? पापा बोलते हैं किसी को नहीं था. डॉक्टर हर बार पूछते हैं.’ तिच्या आवाजात भीती होती. तिला वाटत होतं की हे तिच्याच कोणत्या तरी चुकीनं झालं.

मी काय करायला हवं होतं? मी मूळ फोटो उघडला आणि तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, ‘हौ, होतं. तुझ्या आजीले होतं.’

ती बघत राहिली. पडद्यावर बोट ठेवून तिनं तुझा गाल चाचपला. मग विचारलं, ‘आणि दादी मेली कशानं?’ मी म्हटलं, ‘तापानं.’ ती म्हणाली, ‘सिर्फ बुखार से?’

तुमसरचे लोक आले तेव्हा तिनं चहाचा ट्रे खाली ठेवला, बाही वर केली आणि मुलाच्या आईला मनगट दाखवलं. माझ्या आजीलाही होतं, म्हणाली, भिंतीवरचा फोटो एडिट केलेला आहे. ती माणसं सभ्य होती. चहा संपवून गेली. निरोप आला नाही. वहिनी मला फोनवर म्हणाली, ‘तुमचं लगन झालं ना झाकूनच? मंग माह्या पोरीचंच काहून उघडं पाडलं?’ तिचं चूक आहे असंही मला ठामपणे म्हणता येत नाही. भावानं एवढंच सांगितलं की आता येऊ नको. तेव्हापासून मी त्या घरी गेलेले नाही. चौकट अजून तिथंच आहे असं पोरगी सांगते. ती मला बसस्टँडवर भेटते, आम्ही दोघी नागपूरला डॉक्टरांकडे जातो. औषध सुरू आहे. मनगटावरचा डाग वाढतोच आहे.

नंतर मी स्वतः तुझा फोटो करायला घेतला. दादांनीच शिकवलेल्या पद्धतीनं, पण उलट्या बाजूनं. साडीवरची बुरशी काढली, वाळवीचा कोपरा भरला, आणि चेहऱ्यावर फक्त कागदाचं जे होतं ते पुसलं, तुझं जे होतं ते राहू दिलं. खाली ‘माझी आई, राजेगाव’ एवढंच लिहिलं आणि ग्रुपवर टाकलं. दिवसभर कोणी काही बोललं नाही. हे लोक एरवी नातवाच्या शिंकेलाही फुलं पाठवतात. दुसऱ्या दिवशी दादांचा फोन आला. ‘ताई, मले बुरशी वाटली जी. मी आईचाच चेहरा पुसला.’ मी त्यांना म्हटलं, तुम्ही माहीत नसताना पुसला, दादा. बाकीच्यांनी माहीत असून.

हे पत्र कुठं टाकायचं नाही, कोणाला वाचायला द्यायचं नाही. पोरगी म्हणेल दाखव, तरी नाही. फक्त एक गोष्ट तुला सांगायची राहिली. तुझ्या हनुवटीखाली, उजव्या अंगाला, एक फिकट ठिपका आहे. तो तुझा की कागदाचा हे मला कितीही बघून ठरवता आलं नाही. आता विचारायला कोणी उरलं नाही, आणि मला आठवत नाही. मी तो तसाच ठेवला आहे.