शिफ्टरविना एक वायर

१२ जानेवारी
संकल्प: पाय हलवणं बंद. माझा पाय हलला की शेजारच्या बाईंचं टेबल हलतं, अशी तक्रार वरपर्यंत गेलीय.
काम झकास. कानाच्या यंत्राची चिप. आत दोन भाग. एक पहारेकरी: कमी व्होल्टेजवर सतत जागा, आवाजाची चाहूल घेणारा. दुसरा मोठा भाग: जास्त व्होल्टेजवर चालतो, खोली शांत झाली की झोपतो, म्हणजे बॅटरी टिकते. आवाज आला की पहारेकऱ्याने त्याला उठवायचं. पण त्याचा सिग्नल बारका, मोठ्याला तो जाणवणार नाही. म्हणून मधे लेव्हल शिफ्टर बसवायचा, तो सिग्नल वर उचलून देतो. ही जोडणी माझ्याकडे. दुसरं आहे कोण?
सासऱ्यांना सांगून टाकलं, पहिलं यंत्र तुमच्याच कानात. ते नुसते हसले. मग बायकोने समोर बसून सावकाश सांगितलं. ओठ बघून त्यांना कळतं. लेकीचा आवाज त्यांनी कित्येक वर्षांत ऐकलेला नाही. बराच वेळ तिचा हात धरून बसले.

२९ जानेवारी
साहेबांनी ऐनवेळी एक वायर बदलायला लावली. नेमकी उठवणारी. नव्या वाटेत शिफ्टरला जागा नाही, अख्खा कोपरा पुन्हा मांडावा लागेल. थेट जोडली. व्होल्टेज मोठ्याला लागतं त्याच्या निम्म्याच्या आसपास पडतं. मोठ्या भागाने थोडं समजून घ्यावं.
सॉफ्टवेअरने लाल इशारा दिला. असले ढिगाने येतात. ‘ओळखीचा’ असा शेरा मारून झाकला.
शेजारच्या बाई तपासणीचं काम बघतात. मनात मी त्यांना शंकेखोर म्हणतो. म्हणाल्या, ही वायर शिफ्टरशिवाय कशी? म्हटलं, बघतो. बघितलं. चहा घेऊन आलो. पुन्हा बघितलं. थेटच आहे.

३० जानेवारी, सकाळी
झोप नाही. बसवावा का शिफ्टर? बसवला तर चिप उशिरा जाणार, आणि उशीर कोणामुळे ते विचारणार. नकोच.

दुपारी
चिपचा आराखडा कारखान्यात गेला. सुटलो. पाय हलतोय, पण आनंदाने.

८ जून
चिप आली. लॅबच्या टेबलावर लावली. झोपली ती उठेचना. एसीच्या गारव्यामुळे असेल. पहारेकऱ्याच्या व्होल्टेजचं बटण किंचित पुढे केलं. टुणकन उठली. किंचित म्हणजे किती, ते लिहायची गरज वाटत नाही.
शंकेखोर म्हणाल्या, बॅटरीवर बघितलं का? बॅटरीला बटण नसतं. म्हटलं, मी थेट माणसावर बघणार.

१४ जून
यंत्र अजून डबीएवढं आहे, कानापर्यंत वायर जाते. सासऱ्यांच्या खिशात ठेवलं, चालू केलं. (चालू करताना चिप जागीच असते. झोपेचा प्रश्न नंतरचा.)
बायको आतून म्हणाली, “बाबा, चहा टाकू?”
सासरे वळले. ओठ दिसत नसताना वळले. म्हणाले, “अगदी आईसारखा आवाज झालाय गं तुझा.”
बायको ओट्याला धरून रडली. मलाही भरून आलं. गॅलरीत फेऱ्या मारल्या, साहेबांना फोन केला.

१५ जून
जाता-येता विचारतोय, ऐकू येतंय का? सासरे मान डोलावतात. साहेबांना कळवलं: माणसावर यशस्वी. पुढच्या सोमवारी ग्राहक येणार, सासऱ्यांनाच समोर बसवायचं. टीमलीड कोण होणार हे आता उघड आहे.
बायको म्हणते, हाक मारली तर बाबा वळत नाहीत. म्हटलं, विचारात असतात.

१७ जून
सासऱ्यांनी हळूच विचारलं, हे मधूनमधून बंद-चालू केलं तर बिघडेल का? चौकस माणूस. म्हटलं, गरजच पडणार नाही. हे जिन्यातून सांगितलं, घाईत होतो.

२२ जून, दुपारी
ग्राहक येईपर्यंत खोलीत सगळे गप्प बसलो होतो. ते आले. साहेबांनी सासऱ्यांच्या मागे उभं राहून विचारलं, कसं वाटतंय? सासऱ्यांनी माझ्याकडे बघून मान डोलावली. साहेबांनी नाव विचारलं. सासऱ्यांनी मान डोलावली.
शंकेखोर उठल्या, त्यांच्यासमोर बसल्या आणि सावकाश विचारलं.
सासरे म्हणाले, “चालू केलं की येतं. खोली शांत झाली की जातं, मग येत नाही. मुलगी बोलायला आली की मी खिशात हात घालून तेवढं बंद-चालू करतो.”
मी पाणी प्यायलो. ते ग्राहकाचं होतं.

संध्याकाळी
गाडी थांबवून सासऱ्यांना विचारलं, मला आधी का नाही सांगितलं?
“तुम्ही विचारता-विचारता दुसऱ्या खोलीत जायचात, जावईबापू. आणि मी मान डोलावली की तुमचा पाय थांबायचा.”
संकल्प: नवी चिप, त्या वायरीवर शिफ्टर. वायर माझी होती हे साहेबांना सांगायचं. उद्या. शक्यतो सकाळी.
बायको बोलत नाहीये. सासऱ्यांसमोर खुर्ची ओढून बसलो. दोनदा उठावंसं वाटलं, उठलो नाही. विचारलं, “ऐकू येतंय का?” आणि थांबलो.
माझ्या ओठांकडे बघून ते म्हणाले, “नाही.”