जोडाखालचा कोंब

॥ श्री ॥

आटपाडी, ता. १६ मे १९८६

ती. दादास,
विमलचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. बाबांचा उजवा हात अजून उठत नाही हे वाचून दिवसभर कशात लक्ष लागलं नाही. तू कारखान्यातली पाळी करून येतोस, मग त्यांचं अंग पुसतोस, वहिनी पेज भरवते; आणि मी इथे बसून नुसती पत्रं लिहिते. थकलास रे तू, अक्षरावरून कळतं.

माझ्या कलमाला फळ धरलं म्हणून बाबांनी आंबा मागितलाय. आता तुझ्यापासून काय लपवू? तो हापूस नाहीच. नऊ वर्षांपूर्वी त्यांनी गावठी रायवळाच्या कोयीवर हापूस बांधून दिलेलं कोयकलम इथल्या पहिल्याच उन्हाळ्यात जोडाच्या वर वाळलं. खालून कोंब फुटला. जोडाखालचा कोंब दिसला की खुडायचा, तो रायवळाचा असतो, हे बाबांनी दहादा बजावलं होतं. पण तेवढंच हिरवं उरलेलं, माझा हातच होईना. त्याच साली आई गेली. मग बाबांना कुठल्या तोंडाने कळवू? दर पत्रात लिहीत गेले, कलम छान आहे. दुष्काळात आंघोळीचं पाणी घालून जगवलं. परवा पहिला पिकला तर बारका, आंबटगोड, नुसते धागे! कोकणवालीचा हापूस बघा म्हणून घरचे हसले.

बाबांना कळलं तर त्यांना काय वाटेल रे? काय करू ते तूच सांग.

वहिनीस नमस्कार. माया पातळ होऊ देऊ नको.
तुझी,
विमल

॥ श्री ॥

मिरजोळे, ता. २१ मे १९८६

चि. सौ. विमल हिस,
महिपतचे अनेक उत्तम आशीर्वाद.

अगो, हसू की रडू! अर्ध्या तालुक्याला कलमं बांधून देणाऱ्या माणसाची लेक, आणि तिने खालचा कोंब वाढवला. पण मनाला लावून घेऊ नको. हापूस तरी कुठला आपला? पणजोबांनी गोव्याहून कलमं आणली, त्यातली निम्मी इथल्या कातळावरही मेलीच होती म्हणतात.

मी असं करतो, आपल्या बागेतलाच एक हापूस तुझा म्हणून देतो. हल्ली ते तुझ्या वहिनीचं, रोज पेज भरवणाऱ्या काशीचं नावसुद्धा विसरतात, त्यांना काय कळणार? खोटं बोलायला जिवावर येतं, पण खरं सांगत बसायचं त्राण माझ्यात राहिलेलं नाही.

पोरांना जप, आमची आठवण ठेव.
तुझा दादा

॥ श्री ॥

मिरजोळे, ता. २७ मे १९८६

चि. सौ. विमल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

फजिती झाली. बाबांनी फोड तोंडात घोळवली आणि म्हणाले, हा तर आपल्या विहिरीकडच्या झाडाचा. विमलचं कलम मेलं काय? कपाळ माझं! सगळं सांगून टाकलं.

ऐकून त्यांनी डाव्या हाताने उरलेली फोड बाजूला सारली. मग विचारलं, खालची कोय कुठली होती ठाऊक आहे का? मला कुठलं ठाऊक! गोठ्यामागच्या रायवळाची, म्हणाले. आठवतो ना तुला? आई त्याच आंब्यांचं, मोहरी-खोबरं वाटून गूळ घातलेलं सासव करायची. तिच्या चितेला लाकडं म्हणून तोच तोडला आपण. मी स्वतः कुऱ्हाड घातली. त्यानंतर त्या झाडाचं काही उरलं नाही असंच आम्ही धरून चाललो होतो.

बाबा म्हणतात, हापूस काय, रोज दारात आहे, विमलकडचे आणवा. उशीर करू नको गो. त्यांना घास गिळवत नाही, डॉक्टरांनीही हात टेकलेत.

तुझा दादा

॥ श्री ॥

आटपाडी, ता. १ जून १९८६

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र हातात धरून भरल्या घरात रडले. झाडावर सातच आंबे उरले होते. गवतात भरून हे स्वतः कोल्हापूरपर्यंत नेताहेत. तिथून रत्नागिरीच्या गाडीच्या कंडक्टरकडे देतील. स्टँडवर वेळेवर जा. आई सासवात गूळ किती घालायची ते बाबांनाच विचार. आणि मी इतकी वर्षं खोटं लिहिलं, त्याची माझ्या वतीने माफी माग.

तुमच्याकडे डोळे लागलेली,
विमल

॥ श्री ॥

मिरजोळे, ता. ९ जून १९८६

चि. सौ. विमल हिस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

आंबे पोचले. दोन दबले होते, पाच चांगले. काशीने सासव केलं. बाबांनी दोन चमचे रस गिळला, गूळ कमी पडला म्हणाले आणि मग आईच्या नावाने डोळे पुसले. इतक्या वर्षांत त्यांना रडताना मी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी कोय गोठ्यामागे पुरायला लावली. मी सवयीने म्हटलं, रोप वर आलं की पुढच्या पावसात ह्यावर हापूस बांधू. तर केवढे रागावले! डावा हात आपटून म्हणाले, ह्याच्यावर कोणी कलम बांधायचं नाही. मी बरं म्हटलं. मीच तोडलेलं झाड, मी कसला बांधतोय.

तुझ्या वतीने माफी मागितली. तर म्हणाले, तिला लिही, मी सांगितलेलं ऐकलं नाही ते बरं केलंन.

इथे सगळे तुझी वाट बघतो. जमेल तितक्या लवकर ये.
तुझा दादा