शब्द ठेवायची जागा

सर, तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, आणि मी अजून ‘का’ला ‘काऊन’ म्हणते. घरी म्हणते, बाजारात म्हणते, आणि आता शाळेतही म्हणते, वर्गाचं दार उघडं ठेवून. एवढंच सांगायला बसले होते. पण बसले आहे तर बाकीचंही सांगते.

१९९९ साली मी आठवीत होते. नोकरीसाठी तुम्ही साताऱ्याकडून इतक्या लांब आला होता, फुलचूरला खोली घेऊन राहत होता आणि मोपेडवर कामठ्याजवळच्या आमच्या शाळेत यायचा. तुम्ही बोलायला लागलात की वाटायचं, रेडिओच लागला आहे. आमच्या घरी आजी पोवारीत बोलायची, गल्लीत झाडीबोली, गोंदियाच्या बाजारात हिंदी. तुमची मराठी ही आमची चौथी भाषा होती, पण पुस्तकात तेवढीच होती. त्या दिवशी तुम्ही फळ्यावर एक ओळ लिहिलीत आणि मी हात वर करून विचारलं, “सर, इथं दुसरी वेलांटी काऊन देल्ली?” तुम्ही खडू खाली ठेवलात. आवाज जराही न चढवता म्हणालात, “हातपंपावर जा, तोंड धुऊन ये. मग विचार.” मी गेले. एका हातानं दांडा दाबायचा आणि दुसऱ्या हाताच्या ओंजळीत पाणी धरायचं, ते जमत नव्हतं, त्यामुळे फ्रॉकचा पुढचा भाग भिजला. मी परत आले तेव्हा वर्ग हसत होता. हसणारे सगळे माझ्यासारखेच बोलणारे होते. काय विचारायचं होतं तेच मी विसरून गेले होते. त्या वेलांटीचं उत्तर मला पुढे डी.एड.ला मिळालं.

घरी सांगितलं. आई चुलीपुढून म्हणाली, “बरोबरच केलं मास्तरनं. तुले का जिंदगीभर इथंच राहाचं हाये?” म्हणजे तुम्ही एकटे नव्हता, सर. माझी आईही तुमच्याच बाजूनं होती, आणि तिला तर तुमची भाषा येतसुद्धा नव्हती.

पुढे तुम्ही मला वक्तृत्व स्पर्धेसाठी तयार केलंत. शनिवारी शाळा सुटल्यावर थांबवून घेऊन एकेक शब्द घासून घ्यायचा. गोंदियात माझा नंबर आला, आणि तुम्ही स्वतःजवळचा जाडजूड शब्दकोश मला दिलात. त्याचा पुठ्ठा तुम्ही कापडानं बांधून घेतला होता. इतकी मोठी वस्तू मला तोवर कुणी दिली नव्हती. मी तो घरी नेला आणि सगळ्यात आधी आपलेच शब्द शोधले. पुंजणा सापडला नाही. सपरी, म्हणजे आमची ओसरी, तीही सापडली नाही. दुसऱ्या दिवशी तुम्हाला विचारलं, की कापलेल्या धानाच्या भाऱ्यांचा आम्ही शेतात ढीग रचतो, त्याला पुंजणा म्हणतात, मग तो यात का नाही. तेव्हा मी ‘का’ म्हणाले होते, तुमच्या लक्षात आलं असेल. तुम्ही म्हणालात, “कोशात नाही, तो शब्द नाही.” आमच्या शेतात तेव्हा पुंजणा उभा होता. शाळेच्या खिडकीतून दिसत होता.

तुम्ही शिकवलेल्या भाषेवर मला नोकरी लागली, हे मी नाकारत नाही. मुलाखतीला मी एक शब्द चुकले नाही. आज तिरोडा तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तुम्ही निवृत्तीनंतर गावी गेलात आणि तिकडेच वारलात, हे मला एका वर्गमैत्रिणीनं रेल्वे फाटकाजवळ उभ्या उभ्या सांगितलं. मी “बरं” म्हणाले आणि भाजी घ्यायला गेले. 

काही वर्षांनी आमच्या शाळेत कोल्हापूरचा एक तरुण शिक्षक आला. पहिलीतली एक मुलगी मैदानात पडली आणि रडत त्याच्याकडे गेली, “सर, टोंगळा फुटला.” त्यानं विचारलं, कुणाचा टोंगळा, कुठं ठेवला होता, कुणी फोडला. मुलगी जास्तच रडायला लागली. मी जाऊन तिचा गुडघा दाखवला तेव्हा तो इतका ओशाळला की दुपारी डबाही धड खाल्ला नाही. संध्याकाळी माझ्याकडे येऊन म्हणाला, “मॅडम, हे शब्द कुणी लिहून ठेवलेत का? नसतील तर तुम्ही लिहा. मला लागतील.” सर, तोही तुमच्याच बाजूकडचा माणूस. त्यानं कुणाला हातपंपावर पाठवलं नाही.

मी फोनमध्ये लिहायला लागले. नोंदी ठेवायचं एक ॲप होतं, दिसायला देखणं, शब्दाखाली आवाजही साठवता यायचा. दर रविवारी मी कामठ्याला आत्याकडे जायची. ती सपरीत बसून लाखोरीची भाजी निवडायची आणि सांगत राहायची. कापून बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, पसरलेलं धान म्हणजे कडपा, बांधलं की भारा, रचलं की पुंजणा. मी फोन तिच्या तोंडाजवळ धरला की हसायची. “हे बी लिवतेस? हे तं सगळ्यायलेच मालूम हाये.” मी तिला सांगायची, की सगळ्यांना माहीत असलेलंच आधी हरवतं. तिला ते पटायचं नाही, पण पुढचा शब्द सांगायची.

आत्या थंडीत गेली. दिवसकार्य उरकल्यावर तिचा आवाज ऐकावा म्हणून मी ॲप उघडलं, तर पडद्यावर इंग्रजीत एक ओळ होती. सेवा बंद झाली आहे. आधी बरेचदा सूचना येऊन गेल्या होत्या, मला त्या जाहिराती वाटल्या. कोल्हापूरच्या सरांनी कंपनीला पत्र लिहिलं. उत्तर आलं की मुदत संपल्यावर सगळं पुसलं गेलं. मला रडू आलं नाही, संताप आला. कंपनीचा आला आणि, खरं सांगते, तुमचाही आला. कुठंच लिहिलेलं नाही म्हणजे नाहीच, हे तुमचं म्हणणं त्या दिवशी खरं झालं होतं. ते मी खरं होऊ देणार नव्हते.

मग आत्याच्या शेजारच्या म्हातारीकडे जायला लागले आणि शब्द ठेवायला नवी जागा शोधायला लागले. लुगडं घेताना दुकानदाराला कुणी करत नसेल इतकं हैराण मी कोल्हापूरच्या सरांना केलं. एका ॲपमध्ये शुद्धलेखन तपासायची सोय होती. ‘टोंगळा’ लिहिलं की खाली लाल रेघ, आणि ‘काऊन’ लिहून पुढे सरकले की त्याचं आपोआप ‘कारण’ व्हायचं. कोल्हापूरचे सर म्हणाले, ते बंद करता येतं. मी म्हटलं, जे मला न विचारता शब्द बदलतं त्याच्या ताब्यात मी म्हातारीचे शब्द देणार नाही. काढून टाकलं. दुसरं फार छान होतं, शोधलं की शब्द लगेच सापडायचा, पण नेटवर्क असेल तरच. कामठ्याला शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, उभी राहून मी म्हातारीला मागच्या वेळचे शब्द वाचून दाखवणार होते, तर पडद्यावर नुसतं चक्र फिरत राहिलं. तिनं बराच वेळ वाट पाहिली, मग विचारलं, “तुह्या फोनले आठवत नाही का वो?” तेही काढून टाकलं.

तिसरं अगदी साधं होतं, रंग नाही, चित्रं नाहीत. बांधीत उघडलं, नेटवर्क नसताना उघडलं. मी लिहिलं तसंच राहिलं. आणि महत्त्वाचं म्हणजे सगळ्या नोंदी साध्या फाइलमध्ये बाहेर काढून देत होतं, जी दुसऱ्या कशातही उघडते. मी त्यावरही विश्वास ठेवला नाही. थोडे शब्द लिहिले, फाइल बाहेर काढली आणि ॲपच फोनमधून पुसून टाकलं. मग ॲप परत घातलं आणि ती फाइल त्यात उघडली. शब्द आले, आवाजासकट आले. तरी एक प्रत पेनड्राइव्हवर ठेवली, एक शाळेच्या संगणकावर आणि एक कोल्हापूरच्या सरांकडे. सगळं धान एका कोठीत भरून झोपणारी मी आता राहिले नाही.

केंद्रातल्या शिक्षकांच्या बैठकीत मी त्यातले काही शब्द वाचून दाखवले. मुलं पहिलीत आली की आधी त्यांच्या शब्दानं बोलू द्या, मग शेजारी पुस्तकातला शब्द ठेवा, एवढंच म्हणणं होतं. अध्यक्षस्थानी बसलेल्या साहेबांनी थांबवलं. अशानं मुलांची भाषा बिघडेल, ती मागे पडतील, बाहेरचे हसतील, असं बरंच बोलले. शब्दन् शब्द तुमचाच होता. मी उभी राहिले.

“साहेब, मी दोन्ही शिकवून राहिली,” मी म्हणाले. “गुडघाही शिकवते. पण टोंगळा म्हटलं म्हणून कोणाले तोंड धुवाले पाठवत नाही.”

‘शिकवून राहिली’ हे मी ठरवून म्हणाले नव्हते, आपोआप आलं. साहेबांनी पुढचा विषय घेतला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. पण चहाच्या वेळी सालेकशाकडची एक बाई माझ्याजवळ आली आणि गोंडीतले शब्द याच ॲपमध्ये राहतील का, असं हळूच विचारलं. मी तिच्या फोनमध्ये ते तिथंच घालून दिलं. आता ती पाठवते, आणखी दोघंतिघं पाठवतात. माझ्या पहिलीतली मुलं बोलतात, सर. इतकी बोलतात की कधी कधी गप्प बसवावं लागतं.

हे पत्र जायचं कुठंच नाही. तुमचं गाव मला नीट माहीत नाही, आणि माहीत असतं तरी तुमच्या घरच्यांना असं पत्र कोण पाठवेल? तुम्ही चुकला होता, हे मी आज तुमच्यासमोर उभी राहून म्हणाले असते आणि खाली बसले नसते. फक्त एक गोष्ट तुमच्यापासून लपवत नाही. हे पत्र मी आधी आपल्या बोलीत लिहायला घेतलं होतं. साहेबांपुढे आली ती भाषा तुमच्यापुढे चार ओळींच्या पुढे गेली नाही. मग ते पुसलं आणि पुन्हा पहिल्यापासून लिहिलं, हे असं, एकही वेलांटी चुकू न देता.