मला न सोसणारा आवाज

प्रिय ऋत्विक,

फोन का उचलत नाहीस, असं तू सारखं विचारतोस. म्हणून हे पत्र. चिडू नकोस, शेवटपर्यंत वाच. इथे रोह्याला, माहेरी, मी ताट घेऊन मागच्या पडवीत गेले की बाबा नुसते बघत राहतात.

पेणच्या कानाच्या डॉक्टरीणबाईंनी मला तपासलं तेव्हा तू गाडी लावायला गेला होतास, म्हणून सगळं तुला कळलंच नाही. कान माझे ठणठणीत आहेत. ठरावीक आवाज आले की डोकं उगाच धोका समजतं आणि अंगाची आग होते. हे नखरे नाहीत, असं कुणीतरी पहिल्यांदा म्हणालं आणि मी तिथंच रडले. कायम कापूस घालून बसलात तर कान आणखी हळवे होतील, म्हणाल्या. मागे हलका आवाज चालू ठेवायचा आणि राग चढायच्या आधी सांगून उठायचं. मला ते सांगणंच जमत नाही.

तुला वाटलं, पॉलिश पेपरचा त्रास होतो. गणपतीच्या ऐन सीझनला कारखान्यातलं मूर्तींचं सगळं घासकाम तू मागच्या अंगणात हलवलंस. कारागीर उन्हात तापले आणि अख्खं जोहे गाव आपल्याला हसलं. अरे, दिवसभर घासू देत, मला काही होत नाही! मग तुझा संशय आईंवर गेला. कारखान्यात सगळे एका पंगतीला जेवतात आणि मी भरल्या ताटावरून उठते. आई बिचाऱ्या म्हणाल्या, “माझ्या हातचा गोड लागत नाय का गो तुला?” तर तू सगळ्यांसमोर त्यांच्या मचमच खाण्यावरून ओरडलास. तेव्हापासून त्या एकट्याच जेवतात. माझा जीव तुटतो रे.

आता पेणला वेगळं बिऱ्हाड करायचं म्हणतोस, रविवारी टेम्पोही सांगितलायस. तिथे आपण दोघंच, सगळं शांत, असं लिहिलंस. पण ऐक. आईंचा आवाज मला सोसतो. पंगतीत माझ्या शेजारी तू असायचास. घास चावताना तुझा जबडा वाजतो, बशीतला चहा भुरकतोस, फोनवर तुझा श्वास ऐकू येतो, आणि मला पळून जावंसं वाटतं. जवळच्या माणसाचाच आवाज जास्त लागतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. टेम्पो रद्द कर. आईंची माफी माग, त्यांच्या शेजारी बसून जेव. मी येईन. तुझ्यासमोरून ताट घेऊन उठले तर उठू दे. परत तुझ्याजवळच येऊन बसेन.

तुझीच,
अपेक्षा